कृमिरोग आणि सागरातील औषधी द्रव्ये

(पुण्यातील बिबवेवाडी येथे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



बिबवेवाडी हे एके काळी पुण्याच्या दक्षिणेस वसलेले खेडे होते. आज ते महानगरपालिकेच्या हद्दीतील दाट वस्तीचे उपनगर आहे. शेजारी गुलटेकडीचे मार्केट यार्ड आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतून येणारा भाजीपाला येथूनच शहराच्या घराघरांत पोहोचतो. जवळच कामगारांसाठी राज्य विमा योजनेचे रुग्णालय आहे. समुद्र येथून दूर, सह्याद्रीच्या पलीकडे आहे. असे असता समुद्रातील औषधी द्रव्यांचा विषय येथे का काढावा, असा प्रश्न कोणासही पडेल.

त्याचे उत्तर आपल्या शाळांत आणि अंगणवाड्यांत आहे. जंताचा उपद्रव किनारा आणि घाटमाथा, खेडे आणि शहर असा भेद जाणत नाही. मातीतून, पाण्यातून, न धुतलेल्या पालेभाजीतून आणि अनवाणी पावलांतून तो माणसाच्या शरीरात शिरतो. त्याच्याविरुद्ध आपल्या हाती जी औषधे आहेत, ती मोजकी आहेत. म्हणूनच नव्या औषधांचा शोध जेथे जेथे चालू आहे, तेथे तेथे लक्ष ठेवणे अगत्याचे ठरते. अशा शोधाचे एक मोठे क्षेत्र म्हणजे समुद्र होय.

रोगाचे स्वरूप

आतड्यांत राहणाऱ्या कृमींपैकी तीन प्रमुख आहेत. पहिला गोलकृमी, म्हणजे ज्याला आपण सामान्यतः जंत म्हणतो तो. दुसरा अंकुशकृमी आणि तिसरा चाबूककृमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मातीतून पसरणाऱ्या या कृमींची बाधा जगातील सुमारे १५० कोटी लोकांना आहे. यांखेरीज अमीबा व जिआर्डिया हे एकपेशीय परजीवीही आतड्यांतच राहतात आणि आव, अतिसार यांसारखे विकार उत्पन्न करतात.

गोलकृमीची मादी एका दिवसात दोन लाखांपर्यंत अंडी घालू शकते. ही अंडी विष्ठेवाटे मातीत जातात, तेथे काही आठवड्यांत परिपक्व होतात आणि हात, पाणी अथवा भाजी यांच्याद्वारे पुन्हा माणसाच्या पोटात येतात. अंकुशकृमीचा मार्ग निराळा आहे. त्याच्या अळ्या ओलसर मातीत वाढतात आणि अनवाणी चालणाऱ्याच्या पायाच्या त्वचेतून आत शिरतात. पुढे आतड्याच्या अस्तराला चिकटून हा कृमी रक्त शोषतो. एका कृमीने शोषलेले रक्त अगदी थोडे असते. परंतु शेकडो कृमी महिनोन् महिने हेच करीत राहिले, तर शरीरातील लोह संपत जाते. मूल फिकट दिसते, लवकर थकते, वर्गात त्याचे लक्ष लागत नाही. गर्भवती स्त्रीच्या बाबतीत हा रक्तक्षय अधिकच धोक्याचा असतो.

हा रोग सहसा एकाएकी जीव घेत नाही, म्हणून त्याची बातमी होत नाही. तो मुलाची वाढ, शिकण्याची शक्ती आणि पुढे मजुरी करण्याची ताकद थोडी थोडी हिरावून घेतो.

हाती असलेली औषधे

भारतात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. त्या निमित्ताने १ ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींना शाळांत आणि अंगणवाड्यांत अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. दोन वर्षांखालील बालकास अर्धी आणि त्यापुढील मुलांना ४०० मिलिग्रॅमची पूर्ण गोळी, असे तिचे प्रमाण आहे. औषध स्वस्त आहे, एकदाच घ्यावयाचे आहे आणि शिक्षकाच्या देखरेखीखाली देता येते. या कार्यक्रमाचे यश शिक्षक व अंगणवाडी सेविका यांच्या श्रमांवर उभे आहे.

तथापि या गोळीच्या मर्यादाही समजून घेतल्या पाहिजेत. गोलकृमीवर तिचा परिणाम उत्तम होतो. अंकुशकृमीवर तो बऱ्यापैकी होतो. चाबूककृमीच्या बाबतीत मात्र एका मात्रेने पूर्ण बरे होणाऱ्यांचे प्रमाण निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत साधारणतः तिघांत एक एवढेच आढळले आहे. आयव्हरमेक्टिन हे दुसरे औषध जोडीला दिल्यास परिणाम सुधारतो, असेही दिसून आले आहे.

दुसरी चिंता अधिक गंभीर आहे. अल्बेंडाझोल ज्या औषधकुलातील आहे, त्या कुलातील औषधे मेंढ्या व शेळ्या यांना अनेक वर्षे दिली गेली. परिणामी जगाच्या अनेक भागांत त्यांच्या पोटातील कृमी या औषधांना दाद देईनासे झाले. जे मेंढरांच्या कृमींत घडले, ते माणसाच्या कृमींत घडणारच नाही, असे कोणी शास्त्रज्ञ छातीठोकपणे सांगणार नाही. जुने शस्त्र बोथट होण्यापूर्वी नवे शस्त्र तयार असले पाहिजे. नव्या औषधांच्या शोधाची निकड यातून निर्माण झाली आहे.

निसर्गातून औषध

कृमींवरील औषधे निसर्गातून मिळवणे ही कल्पना नवी नाही. महाराष्ट्रातील कित्येक घरांत लहान मुलांना वावडिंग घालून उकळलेले दूध देण्याची चाल आहे. आयुर्वेदात वावडिंग, पळसाचे बी आणि किरमाणी ओवा ही कृमिनाशक द्रव्ये म्हणून सांगितली आहेत. किरमाणी ओव्याच्या जातीच्या वनस्पतींतून निघणारे सँटोनिन हे द्रव्य पुढे जगभर जंतावरील औषध म्हणून वापरले गेले. साध्या ओव्यातील थायमॉल हे द्रव्य विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील अंकुशकृमीविरोधी मोहिमेत वापरण्यात आले होते.

सूक्ष्मजीवांनीही या कामी मोठा हातभार लावला आहे. जपानचे सातोशी ओमुरा यांना तेथील एका मातीच्या नमुन्यात जो जीवाणू सापडला, त्याच्यापासून आयव्हरमेक्टिन हे औषध तयार झाले. या कार्याबद्दल त्यांना व विल्यम कॅम्बेल यांना २०१५ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. खुद्द पुण्याच्या परिसरातही असा शोध लागलेला आहे. पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्याच्या संशोधकांनी १९६० च्या दशकाच्या प्रारंभी मातीतील एका सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध मिळवले. त्या सूक्ष्मजीवाला पिंपरीवरूनच नाव देण्यात आले. औषध बुरशीवरचे असले, तरी शोधाची रीत तीच होती. नमुना गोळा करावयाचा, त्यातील जीव वाढवावयाचा, त्याचा अर्क काढावयाचा आणि रोगकारक जीवावर तो तपासून पाहावयाचा.

मातीत जे केले, तेच पुढे समुद्रात करण्याचे शास्त्रज्ञांनी ठरवले.

जपानचा अनुभव

सागरी द्रव्याने जंत पडतो, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण जपानचे आहे. तेथील दक्षिणेच्या बेटांलगत, उबदार समुद्रात, डायजेनिया सिम्प्लेक्स नावाची लाल शैवाल वाढते. जपानी भाषेत तिला काइनिन्सो अथवा माकुरी म्हणतात. तिचा काढा जंतावर देण्याची परंपरा तेथे शतकानुशतके चालत आलेली होती. १९५३ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञांनी या शैवालातील गुणकारी द्रव्य वेगळे केले. शैवालाच्या नावावरूनच त्याला कायनिक आम्ल असे नाव मिळाले. १९५८ मध्ये ताकेमोतो व दाइगो यांनी काँड्रिया आर्माटा या दुसऱ्या लाल शैवालातून त्याच्याच जवळचे डोमोइक आम्ल वेगळे केले. या शैवालाचाही उपयोग तेथील बेटांवर जंतावर होत असे.

या द्रव्यांचे कार्य कसे चालते, हेही समजण्यासारखे आहे. प्राण्यांच्या मज्जासंस्थेत एका पेशीकडून दुसरीकडे संदेश नेण्याचे काम ग्लुटामिक आम्लासारखी द्रव्ये करतात. कायनिक आम्लाची रचना ग्लुटामिक आम्लाशी मिळतीजुळती आहे. कुलपात दुसरीच पण सारखी दिसणारी किल्ली अडकून बसावी, तसे ते कृमीच्या मज्जासंस्थेत शिरून तिचे नियंत्रण बिघडवते. कृमीचे स्नायू लुळे पडतात, आतड्याला धरून राहण्याची त्याची शक्ती जाते आणि तो शौचावाटे बाहेर टाकला जातो.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये जंताचा उपद्रव फार मोठा होता. १९४९ च्या सुमारास तेथील साठ टक्क्यांहून अधिक लोकांना गोलकृमीची बाधा असल्याचे आढळले होते. मानवी विष्ठेचे खत शेतीत वापरले जात असल्याने भाजीपाल्यावाटे जंताची अंडी घरोघरी पोहोचत. शाळांतून मुलांना काइनिन्सोचा काढा पाजला जाई. पुढे कायनिक आम्ल व सँटोनिन यांचे एकत्रित औषध आले. परंतु जपानने केवळ औषधावर भिस्त ठेवली नाही. शाळाशाळांतून नियमितपणे शौचतपासणी झाली, बाधित मुलांना उपचार मिळाले, विष्ठेच्या खताचा वापर थांबत गेला आणि मलनिःसारणाची व्यवस्था वाढली. सुमारे पाव शतकात हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आले. शैवालातील द्रव्याने या लढ्यास बळ दिले, परंतु विजय मिळाला तो शाळा, आरोग्य विभाग आणि स्थानिक संस्था यांच्या एकत्रित कामामुळे.

औषध आणि विष

याच कथेची दुसरी बाजू तितकीच बोधप्रद आहे. १९८७ च्या अखेरीस कॅनडातील प्रिन्स एडवर्ड बेटावरील शिंपले खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे आजारी पडली. त्यांपैकी तिघे दगावले आणि काहींची स्मरणशक्ती कायमची नष्ट झाली. तपासाअंती कारण सापडले ते डोमोइक आम्ल. समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींनी ते तयार केले होते आणि त्या वनस्पतींवर जगणाऱ्या शिंपल्यांत ते साठले होते. जपानी बेटांवर अल्प मात्रेत जंत पाडणारे द्रव्य येथे मोठ्या मात्रेत माणसाच्या मेंदूवर उठले.

कायनिक आम्लाबाबतही असाच अनुभव आला. मेंदूतील पेशींवर त्याचा परिणाम एवढा तीव्र असतो की, आज ते प्रामुख्याने प्रयोगशाळेत अपस्माराच्या अभ्यासासाठी वापरले जाते. अधिक सुरक्षित औषधे उपलब्ध झाल्यावर जंतावरील उपचारातून ते मागे पडले.

यातून सर्वसामान्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. समुद्रातून आले म्हणून एखादे द्रव्य निरुपद्रवी ठरत नाही. शैवालाची भुकटी अथवा समुद्री जीवाचा अर्क जंतावर रामबाण म्हणून कोणी गावात विकावयास आला, तर त्यापासून दूर राहावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. अर्कातील गुणकारी द्रव्य, त्याची मात्रा आणि त्याचा धोका ठरवण्यास अनेक वर्षांचे परीक्षण लागते.

समुद्रच का?

समुद्रातील प्राण्यांत अशी तीव्र द्रव्ये का असावीत, याचा विचार करता कारण सहज लक्षात येते. स्पंज, प्रवाळ आणि शैवाल हे जीव एका जागी खिळलेले असतात. त्यांना पळता येत नाही. अनेकांना कवचही नसते. भक्षकांपासून, अंगावर वाढू पाहणाऱ्या इतर जीवांपासून आणि जीवाणूंपासून बचाव करण्यासाठी रासायनिक द्रव्ये हेच त्यांचे शस्त्र असते. पाण्यात ते सौम्य होत असल्याने मुळात ते प्रखर असावे लागते. कित्येकदा ही द्रव्ये स्पंज स्वतः तयार करीत नाही. त्याच्या शरीरात वस्तीस असलेले सूक्ष्मजीव ती तयार करतात. आजवर सागरी जीवांतून ३० हजारांहून अधिक द्रव्यांची नोंद झालेली आहे.

यांतील काही द्रव्यांपासून प्रत्यक्ष औषधे तयार झाली आहेत. कॅरिबियन समुद्रातील स्पंजात १९५० च्या सुमारास सापडलेल्या द्रव्यांच्या धर्तीवर सायटाराबिन हे रक्ताच्या कर्करोगावरील औषध तयार झाले आणि १९६९ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. शंखातील विषापासून तीव्र वेदनांवरील झिकोनोटाइड हे औषध २००४ मध्ये उपलब्ध झाले. शेतकऱ्यांना परिचित असलेले कारटॅप हे कीटकनाशकही मुळात समुद्रातून आलेले आहे. मासे पकडण्यासाठी आमिष म्हणून वापरल्या जाणाऱ्या एका सागरी कृमीच्या मृत शरीरावर बसलेल्या माश्या मरतात, असे जपानमध्ये दिसून आले. १९३४ मध्ये त्यातील विषारी द्रव्य वेगळे करण्यात आले आणि १९६० च्या दशकात त्याच्या धर्तीवर कारटॅप तयार झाले. भातावरील खोडकिड्यासाठी आपल्याकडे त्याचा वापर होत आला आहे.

आतड्यातील कृमींच्या संदर्भात १९८६ मधील एक शोध उल्लेखनीय आहे. फिजी बेटांजवळच्या एका स्पंजातून अमेरिकन शास्त्रज्ञांनी बेंगामाइड नावाची द्रव्ये वेगळी केली. उंदरांच्या आतड्यात आढळणाऱ्या एका कृमीवर ती प्रभावी ठरली. हा कृमी अंकुशकृमीच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळेत नेहमी वापरला जातो. पुढे याच द्रव्यांच्या धर्तीवर कर्करोगावरील औषध करण्याचा प्रयत्न झाला, परंतु रुग्णांवरील चाचणीत दुष्परिणाम दिसल्याने तो थांबवावा लागला. जंतावरील औषध म्हणून ती अद्याप प्रयोगशाळेबाहेर आलेली नाहीत.

भारतातील प्रयत्न

भारतात या कामास पायाभूत ठरलेली संस्था म्हणजे गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था होय. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर, १ जानेवारी १९६६ रोजी तिची स्थापना झाली. समुद्राच्या अन्य अंगांबरोबरच शैवाल, स्पंज, खारफुटी आणि सागरी सूक्ष्मजीव यांतील रासायनिक द्रव्यांचा अभ्यास तेथे झाला आहे. जपानमध्ये ज्या शैवालातून डोमोइक आम्ल मिळाले, ती काँड्रिया आर्माटा गोव्याच्या खडकाळ किनाऱ्यावरही वाढते आणि तिच्या घटकांचा अभ्यास या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केलेला आहे.

केंद्र शासनाने १९८१ मध्ये महासागर विकास विभाग स्थापन केला. २००६ मध्ये त्यातून आजचे पृथ्वी विज्ञान मंत्रालय आकारास आले. या विभागाच्या आश्रयाने १९९० च्या दशकात सागरातून औषधे शोधण्याचा देशव्यापी कार्यक्रम राबवण्यात आला. त्यात लखनौ येथील केंद्रीय औषध संशोधन संस्थेकडे प्रमुख जबाबदारी होती. किनाऱ्याकिनाऱ्यावरून नमुने गोळा करून त्यांचे अर्क निरनिराळ्या रोगांवर तपासण्यात आले. याच संस्थेच्या संशोधकांना हॅलिक्लोना या वर्गातील स्पंजांच्या अर्कांत हत्तीरोगाच्या कृमींवर परिणाम करणारे गुण आढळले. हत्तीरोगाचा कृमी आतड्यात राहत नाही, परंतु तो गोलकृमीच्याच मोठ्या संघातील आहे. म्हणून एकावर चालणारे द्रव्य दुसऱ्यावर तपासून पाहणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य ठरते.

अडचणी कोणत्या?

एवढे प्रयत्न होऊनही आतड्यातील कृमींवर समुद्रातून निघालेले एकही आधुनिक औषध आज दवाखान्यात मिळत नाही. याची कारणे स्पष्ट आहेत.

पहिले कारण परिमाणाचे. समुद्री जीवांत गुणकारी द्रव्य अत्यल्प असते. जपानमध्ये एका स्पंजापासून हॅलिकाँड्रिन हे द्रव्य मिळवताना ६०० किलो स्पंजातून सुमारे साडेबारा मिलिग्रॅम द्रव्य हाती आले. कोट्यवधी मुलांच्या गोळ्यांसाठी समुद्रतळ खरवडून काढणे शक्य नाही आणि इष्टही नाही. द्रव्य प्रयोगशाळेत बनवता आले अथवा ते तयार करणारा सूक्ष्मजीव टाकीत वाढवता आला, तरच पुढचा मार्ग मोकळा होतो.

दुसरे कारण सुरक्षिततेचे. कर्करोगावरील औषधाचे काही दुष्परिणाम रुग्ण सहन करतो. शाळेतील निरोगी दिसणाऱ्या लाखो मुलांना द्यावयाच्या गोळीस ते चालत नाही. ती अत्यंत निर्धोक असावी लागते. कृमीला मारणारे परंतु मुलाला न बाधणारे द्रव्य शोधणे हे या क्षेत्रातील सर्वांत कठीण काम आहे.

तिसरे कारण पैशाचे. कृमिरोग हा प्रामुख्याने गरिबांचा रोग आहे. ज्या औषधाची किंमत काही पैसे वा रुपये असली पाहिजे, त्यासाठी मोठी गुंतवणूक करण्यास खाजगी कंपन्या सहसा पुढे येत नाहीत. अल्बेंडाझोलसारखी औषधेसुद्धा प्रथम जनावरांसाठी विकसित झाली आणि मागाहून माणसांच्या उपयोगास आली, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. म्हणून सार्वजनिक संशोधन संस्थांना शासनाचा सातत्याने पाठिंबा मिळणे या क्षेत्रात विशेष महत्त्वाचे ठरते.

पंचायतींचे कर्तव्य

हा शोध केवळ शास्त्रज्ञांचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर खडकाळ टोके, खाड्या, खारफुटीची वने आणि मालवणजवळ प्रवाळ आहेत. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. ज्या जीवात उद्याचे औषध दडलेले असेल, तो जीव आजच्या सांडपाण्याने, प्लॅस्टिकने वा बेसुमार उपशाने नष्ट झाला, तर तो परत आणता येणार नाही. बिबवेवाडीसारख्या घाटावरील वस्तीचाही येथे संबंध येतो, कारण पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत, तेथून कृष्णेत आणि अखेर समुद्रातच जाऊन मिळते.

जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असून लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. किनाऱ्यावरील मच्छीमारांना कोणता जीव कोठे सापडतो, कोणता विषारी आहे, कोणत्या शैवालाचा पूर्वी औषधी उपयोग होत असे, याची पिढीजात माहिती असते. ही माहिती नोंदली गेली पाहिजे. तिच्या आधारे पुढे कोणी औषध तयार केले, तर लाभाचा वाटा त्या समाजाला मिळावा, अशी तरतूद या कायद्यात आहे. नोंदच नसेल, तर हक्क सांगण्यास आधार राहणार नाही.

तोपर्यंत काय करावे?

नवे औषध केव्हा येईल, हे समुद्राच्या भरतीसारखे पंचांग पाहून सांगता येत नाही. परंतु औषधावाचूनही रोग हटू शकतो, याचा अनुभव भारताला नारूच्या बाबतीत आलेला आहे. महाराष्ट्रातील अनेक गावांना एके काळी नारूने ग्रासले होते. नारूवर गुणकारी औषध नव्हते, लसही नव्हती. पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे अथवा त्यांचे रूपांतर करणे, पाणी फडक्यातून गाळून पिणे आणि रुग्णाला पाण्यात उतरू न देणे, एवढ्याच उपायांनी तो देशातून गेला. भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र जागतिक आरोग्य संघटनेने दिले.

कृमिरोगाचेही तसेच आहे. गोळी पोटातील जंत पाडते, परंतु मातीतील अंड्यांना ती काही करू शकत नाही. मूल पुन्हा त्याच मातीत खेळले, तर काही महिन्यांत पुन्हा बाधित होते. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने महाराष्ट्रातील गावांना जी दिशा दाखवली, ती या दृष्टीने आजही मोलाची आहे. शौचालय बांधले एवढ्याने काम संपत नाही. त्याचा वापर होतो काय, त्यास पाणी आहे काय, मैला उपसून कोठे टाकला जातो, याकडे पंचायतीने लक्ष दिले पाहिजे. शाळेत हात धुण्यासाठी साबण व पाणी असणे, मुलांच्या पायात चपला असणे, पालेभाजी स्वच्छ पाण्याने नीट धुऊन घेणे, या गोष्टी साध्या वाटल्या तरी कृमीचा मार्ग त्याच रोखतात.

शिक्षकांनी जंतनाशक दिनी गोळी देतानाच हे चक्र मुलांना समजावून द्यावे. त्या दिवशी गैरहजर राहिलेल्या मुलास पुढील फेरीत गोळी मिळाली, याची खात्री करावी. अधिकाऱ्यांनी आपल्या भागात गोळीचा परिणाम कितपत होतो, याची शौचतपासणीद्वारे वेळोवेळी पाहणी व्हावी असा आग्रह धरावा. औषधाचा प्रभाव कोठे कमी होऊ लागला असेल, तर ते अशा पाहणीतूनच वेळेवर कळेल.

दोना पावला आणि लखनौ येथील प्रयोगशाळांत चालणारे काम आणि गावातील शाळेच्या नळाखाली हात धुणारे मूल यांच्यात अंतर फार आहे, असे वरवर पाहता वाटेल. वस्तुतः दोन्ही एकाच लढ्याची अंगे आहेत. प्रयोगशाळेने समुद्रातून उद्याचे औषध आणावे आणि गावाने आजच्या औषधाची धार टिकवून धरावी. शाळा, पंचायत आणि आरोग्य केंद्र यांनी आपापला वाटा उचलला, तर नवे औषध येईल तेव्हा त्यासाठी उरलेले काम पुष्कळच हलके झालेले असेल.